मेण ओतण्याचे काचपात्र

घरी मेणबत्त्या करू लागलेला मनुष्य मेण, वात आणि सुगंधी तेल यांची निवड मोठ्या चोखंदळपणे करतो. परंतु वितळलेले मेण ज्या पात्रातून ओतावयाचे, त्या पात्राचा विचार त्याला सर्वांत शेवटी सुचतो, आणि मग फडताळातील जाड बुडाची, हाताला भक्कम लागणारी एखादी बरणी तो बेलाशक कामाला लावतो. जाड काच अधिक टिकाऊ, ही समजूत आघाताच्या बाबतीत रास्त असली, तरी उष्णतेच्या बाबतीत नेमकी उलटी ठरते. काच ही उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे 70 अंशांचे मेण आत पडताच आतील थर प्रसरण पावू लागतो, बाहेरील थर थंडच राहतो, आणि भिंत जितकी जाड तितकी ही तफावत मोठी होऊन बाहेरच्या थरावर ओढ पडते. काच दाब पुष्कळ सोसते, ओढ फारशी सोसत नाही. बाहेरून एखादा बारीक ओरखडा असला, की तडा तेथूनच निघतो.

ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात ज्यांचे बालपण गेले, त्यांना तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला म्हणजे काय होते हे सांगावयास नको. या दुखण्यावरचा उपायही दिव्यांच्याच निमित्ताने पुढे आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील येना येथे ऑटो शॉट या रसायनज्ञाने काचेत बोरॉनचे संयुग मिसळून जी काच सिद्ध केली, ती वाळू, सोडा व चुना यांच्या साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच प्रसरण पावते, आणि तिचा उपयोग प्रयोगशाळेतील उपकरणांप्रमाणेच दिव्यांच्या काचांसाठीही झाला. पुढे अमेरिकेत रेल्वेच्या कंदिलांसाठी अशीच काच बनवणाऱ्या कॉर्निंग कंपनीतील शास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांच्या पत्नी बेसी यांनी 1913 साली बॅटरीच्या बरणीचा कापलेला बुडखा भट्टीत ठेवून त्यात केक भाजला, आणि 1915 साली पायरेक्सची भांडी बाजारात आली.

तेव्हा पात्र घेताना त्यावर 'बोरोसिलिकेट' (म्हणजे हीच बोरॉनयुक्त काच) असा स्पष्ट उल्लेख आहे, याची खातरजमा करून घ्यावी. केवळ 'टफन्ड' असे लिहिलेले असल्यास ती बहुधा साधीच काच असते, निराळ्या प्रक्रियेने कणखर केलेली. बीकरपेक्षा मुठीचा, अरुंद चोचीचा जग मला अधिक पसंत आहे, कारण तापलेला बीकर फडक्याने धरताना पकड निसटते आणि धार वातीवर पडते. वितळलेले पॅराफिन लिटरमागे सुमारे 800 ग्रॅमच भरते. म्हणून अर्धा किलो मेणासाठी एक लिटरचा जग हवा, आणि मेण मोजावयाचे ते जगावरील रेघांनी नव्हे, तराजूने.

पात्र थेट शेगडीवर कधीही ठेवू नये. पातेल्याच्या तळाशी जाळी वा जाड फडके घालावे, त्यावर मेणाचा जग ठेवून भोवती कोमट पाणी ओतावे, आणि सर्व एकत्रच मंद आचेवर तापू द्यावे. पाण्याच्या सोबतीने मेण 100 अंशांच्या वर जात नाही, आणि पॅराफिनची वाफ पेट घेण्याची पातळी त्याहून पुष्कळ वर असते. तरीही मेण पेटलेच, तर झाकण ठेवून आच बंद करावी. पाणी मात्र चुकूनही ओतू नये.

जग बाहेर काढताच त्याची बाहेरची बाजू आणि बूड कोरडे पुसावे, कारण तो कलता केल्यावर अंगावरचा एखादा थेंब चोचीकडे ओघळतो, धारेबरोबर मेणात उतरतो, आणि मेणबत्तीत खळगा ठेवतो वा जळताना वात तडतडवतो. पुसलेला जग ओट्याच्या थंड, ओल्या दगडावर न टेकवता लाकडी पाटावर ठेवावा. ज्या पेल्यांत मेण ओतावयाचे तेही हाताला ऊन लागतील इतपत आधी शेकून घ्यावेत, म्हणजे मेण काचेला सर्वत्र सारखे चिकटते. काम उरकल्यावर जगात राहिलेले मेण गरम असतानाच कागदाने पुसून काढावे. मोरीत ओतलेले मेण नळीत गोठून बसते. खरवडण्यासाठी सुरी मात्र वापरू नये, आणि ओरखडा दिसू लागलेला जग त्या दिवसापासून मेणाच्या कामातून काढून टाकावा.