विवाह-शिक्षणाचे वर्ग आणि सरकारी खजिना
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९६ साली निर्धन कुटुंबांच्या साहाय्यासंबंधी जो नवा कायदा झाला, त्याच्या उद्दिष्टांतच विवाहसंस्थेस उत्तेजन देणे अंतर्भूत होते. आणि पुढे २००६ साली, राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या कारकिर्दीत, हे कार्य व पितृकर्तव्याचे शिक्षण यांसाठी मिळून दरसाल १५ कोटी डॉलरांची तरतूद मंजूर झाली. परस्परांचे म्हणणे शांतपणे कसे ऐकावे, कलह विकोपास जाण्यापूर्वी कसा आवरावा, याचे पाठ अल्प उत्पन्नाच्या जोडप्यांना विवाह-शिक्षणाच्या वर्गांतून मिळू लागले. सरकारने या उपक्रमाची परीक्षाही करविली, ही गोष्ट मला विशेष स्तुत्य वाटते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने काही जोडपी वर्गांत घेऊन व काही वगळून जी तुलना झाली, तीत अविवाहित मातापित्यांसाठी आठ ठिकाणी चाललेल्या कार्यक्रमांचा एकंदर परिणाम जवळजवळ शून्य ठरला. प्रारंभी ओक्लाहोमात काही लाभ दिसला, तर बाल्टिमोरात संबंध उलट काहीसे बिघडले. विवाहितांच्या निराळ्या पाहणीत सौहार्द किंचित वाढले, परंतु संसार टिकण्याचे प्रमाण बदलले नाही. ज्या घरात भाडे थकलेले व नोकरी बेभरवशाची, तेथील विसंवादाचे खापर केवळ संभाषणाच्या अकौशल्यावर फोडणे मला न्याय्य वाटत नाही.