इटालियन जेवण, दोन बिअर आणि बाबांनी न वाचलेलं बिल

ज्यांचे हेडफोन घरी राहिलेत आणि विरार लोकलमध्ये उभे आहेत, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. आजचा विषय आहे रेस्टॉरंटचं बिल. कंटाळवाणा वाटतोय ना? मलाही वाटायचा, मागच्या शनिवारपर्यंत.

झालं असं की मीरा रोडला आमच्या घराजवळ एक नवीन इटालियन रेस्टॉरंट आणि बार उघडलाय. मी म्हटलं, आई-बाबांना घेऊन जाऊ. बाबा दारातच थबकले. त्यांच्या डोक्यात ‘बार’ म्हणजे हायवेवरची ‘परमिट रूम’ची पाटी आणि शेजारी पडदा लावलेली फॅमिली रूम. आत गेल्यावर बघतात तर शेजारच्या टेबलवर आजी-आजोबा पास्ता खातायत! मग ते जरा सैलावले. आईने जैन पिझ्झा मागवला (आपल्या मीरा-भाईंदरमध्ये तो मेनूत असतोच). बाबांनी आणि मी एकेक बिअर घेतली. बाबांसमोर आयुष्यात पहिल्यांदाच! दोघंही पहिली पाच मिनिटं मेनूकार्डच वाचत होतो.

मग बिल आलं. आता आमचे बाबा म्हणजे वाण्याच्या यादीत दोन रुपयांचा फरक निघाला तरी परत जाणारे. इथे मात्र त्यांनी बिल उघडलंही नाही, थेट पाकीट काढलं. मी म्हटलं, “बाबा, तुम्ही बघा तरी.” तर हळूच म्हणाले, “असू दे रे. लोक बघतायत.”

ते मला लागलं. पैशाचा प्रश्न नव्हता. ज्या माणसाने मला हिशोब शिकवला, त्याला इथे हिशोब विचारायची लाज वाटत होती. म्हणून बिल मी घेतलं. आता ओळीने बघू.

बिलात काय होतं?

पिझ्झा ५२०, पास्ता ४८०, गार्लिक ब्रेड २४०, तिरामिसू ३२०, आईचं मॉकटेल २४०. खाण्याचे झाले १,८०० रुपये. दोन बिअर ६००. एकूण २,४००. त्याखाली तीन गोष्टी होत्या: सर्व्हिस चार्ज, जीएसटी आणि व्हॅट. भरायची रक्कम २,८०२.

जीएसटी: फक्त खाण्यावर

साध्या रेस्टॉरंटमधल्या जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. बिलावर तो अडीच टक्के सीजीएसटी आणि अडीच टक्के एसजीएसटी असा दोन ओळींत दिसतो, म्हणजे अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. दोनदा लावला असं नाही, बरं का. हा दर १५ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. त्याआधी एसी रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के द्यावे लागायचे.

व्हॅट: फक्त दारूवर

बिअर, वाईन, व्हिस्की यांवर जीएसटी लागतच नाही. संविधानात जीएसटीची जी व्याख्या आहे, तिच्यातूनच पिण्याची दारू वगळली आहे. कारण सोपं आहे. दारूवरचा कर हा राज्यांच्या कमाईचा मोठा भाग, तो त्यांनी स्वतःकडे ठेवला. म्हणून दारूवर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्रात परमिट रूममधल्या दारूवर तो ५ टक्के होता, नोव्हेंबर २०२३ पासून १० झाला. आमच्या ६०० वर ६० रुपये. बरोबर होतं.

म्हणजे नियम एवढाच: ताटावर जीएसटी, ग्लासातल्या दारूवर व्हॅट. मॉकटेल ताटाच्या बाजूला. एकाच वस्तूवर दोन्ही लावले असतील, तर बिल चुकलंय.

सर्व्हिस चार्ज: हा कर नाहीच

आता खरी गोम. २,४०० वर १० टक्के, म्हणजे २४० रुपये सर्व्हिस चार्ज. करांच्या ओळीतच छापल्यामुळे तो सरकारी वाटतो. पण सरकारला त्यातला मूळ पैसा जात नाही, तो रेस्टॉरंटचा. वेटरला किती मिळतो, हे बिलावर कुठेच लिहिलेलं नसतं.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलंय की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने लावायचा नाही, आणि तो बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटीही घ्यायचा नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. त्यावर संघटनांनी अपील केलंय.

आमच्या बिलात जीएसटी १,८०० वर नव्हे, तर १,८०० अधिक २४० वर लावला होता. १०२ रुपये. नुसत्या खाण्यावर तो ९० होतो.

मी वेटरला विचारलं. तो म्हणाला, “सर, सिस्टममध्येच येतं.” मी सिस्टम बनवूनच पोट भरतो हो! सिस्टममध्ये आपोआप काही येत नाही, कुणीतरी तो चेकबॉक्स आधीच टिक करून ठेवलेला असतो. बरेच युजर तो काढत नाहीत, कारण त्यांना तो दिसत नाही किंवा मागे लोक बघत असतात.

मॅनेजर आले. मी आवाज न चढवता म्हटलं, “सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल द्या, प्लीज.” दोन मिनिटांत नवीन बिल आलं: २,४०० अधिक ९० अधिक ६०, म्हणजे २,५५०. फरक २५२ रुपयांचा. त्यातले १५० आम्ही वाढणाऱ्या मुलाच्या हातात दिले. त्याने खरंच छान वाढलं होतं.

तुम्ही काय कराल?

ऑर्डरच्या आधीच विचारा, “सर्व्हिस चार्ज लावता का?” तेव्हा विचारणं सोपं जातं. बिल आल्यावर लागला असेल तर काढायला सांगा, आणि जीएसटीही नव्याने मोजलाय ना ते बघा. बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. काढायला नकार दिला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, बिलाचा फोटो ठेवा.

एक गोष्ट मात्र रेस्टॉरंटच्या बाजूची. पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त लावले म्हणून भांडू नका. टेबल, एसी, सेवा यांसकट विकतात म्हणून ते चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय.

आणि हो, महाराष्ट्रात बिअर-वाईनसाठी वय २१ लागतं, बाकी दारूसाठी २५. कॉलेजवाल्यांनो, ऐकताय ना?

रविवारी सकाळी उठलो तर बाबा चष्मा लावून तेच बिल वाचत बसले होते. म्हणाले, “पास्ता जरा कच्चाच होता, नाही? पण हिशोब बरोबर आहे.” मी सांगितलं, पास्ता तसाच असतो. ते त्यांना पटलेलं नाही. पुढच्या महिन्यात परत जायचंय, आणि बिल ते मागवणार आहेत.

तुमच्या बिलातली न कळलेली ओळ मला पाठवा, पुढच्या भागात बघू. तोपर्यंत ऐकत राहा!