पक हातून गेल्यावर काय?

आइस हॉकीत प्रत्येक संघाचे सहा जण बर्फावर असतात: एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन फॉरवर्ड. फॉरवर्डचं काम गोल करणं, असं आपण सहज म्हणतो. पण पक, म्हणजे ती रबरी चकती, समोरच्या संघाकडे गेली की याच तिघांना उलटं फिरून बचावाला यावं लागतं. एनएचएलमध्ये असा बचाव उत्तम करणाऱ्या फॉरवर्डसाठी १९७८ पासून सेल्की ट्रॉफी दिली जाते. बोस्टनच्या पॅट्रिस बर्जरॉनने ती सहा वेळा जिंकली.

आता प्रश्न असा, की हे दहा वर्षांच्या मुलांना शिकवायचं कसं?

एक सोपी पद्धत: अर्धा तास फक्त गोल मारायचा सराव, मग अर्धा तास फक्त मागे धावायचा. सरावात मुलं छान दिसतात. सामन्यात पक गेला की तीच मुलं जागेवर उभी! कारण सरावात पुढे काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. सामन्यात ते ओळखावं लागतं.

दुसरी पद्धत: मैदानाच्या छोट्या भागात तीन विरुद्ध तीन खेळ. पक सतत या बाजूचा त्या बाजूला जातो, त्यामुळे आक्रमण आणि बचाव वेगळे राहतच नाहीत.

मग कोणती पद्धत चांगली? थांबा, आधी हे विचारा: मोजणार कधी?

१९७९ मध्ये शे आणि मॉर्गन यांनी हाताच्या तीन हालचाली दोन गटांना शिकवल्या. एका गटाला एकेक हालचाल सलग, दुसऱ्याला मिसळून. सराव चालू असताना पहिला गट पुढे होता. दहा दिवसांनी घेतलेल्या चाचणीत दुसरा गट सरस ठरला. अर्थात तो प्रयोग हॉकीचा नव्हता. बर्फावर तसंच घडेल, हे वेगळं तपासावं लागेल.

तपासताना गोल मोजू नका, ते सोबत्यांवरही अवलंबून असतात. पक गेल्यावर मूल किती वेळा लगेच मागे वळलं, ते मोजा. आणि तेही काही दिवसांनी, सामन्यात.

माझ्या पहिल्या आराखड्यात मी चाचणी प्रशिक्षणाच्या शेवटच्याच दिवशी ठेवली होती. गाईडनी विचारलं, "आणि पुढच्या आठवड्यात यातलं काय उरेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमचा आराखडा देण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारून बघा.