भाकड म्हशीचा खर्च कोणाच्या खाती?

दुभत्या जनावराचे उत्पादक आयुष्य म्हणजे पहिल्यांदा व्यायल्यापासून ते गोठ्यातून काढून टाकले जाईपर्यंतचा काळ. गाय वीस वर्षांपर्यंत जगू शकत असली, तरी पाश्चात्त्य देशांतील मोठ्या गोठ्यांत ती सरासरी तीन वेतांच्या आसपासच काढून टाकली जाते. मुंबई आणि तिला लागून असलेल्या मीरा-भाईंदर, वसई पट्ट्यातील तबेल्यांत मात्र हा प्रश्न गायीपेक्षा म्हशीचा आहे, आणि तेथे तो अधिक कठोर रूपात दिसतो.

तबेल्याची रीत जुनी आहे. हरियाणा किंवा गुजरातेतून ताजी व्यालेली मुऱ्हा, मेहसाणी किंवा जाफराबादी म्हैस विकत आणायची, सुमारे दहा महिने तिचे दूध काढायचे आणि ती आटली की विकून तिच्या जागी दुसरी आणायची. दावणीला जागा मोजकी असते आणि वैरण, पेंढा, सरकीची पेंड हे सारे विकतचे असते, त्यामुळे दूध न देणारी म्हैस पोसणे मालकाला परवडत नाही. म्हशीचा गर्भकाळ सुमारे ३१० दिवसांचा असल्याने, गाभण न राहताच आटलेल्या म्हशीला पुढच्या वेतापर्यंत निदान दहा महिने नुसते खाऊ घालावे लागते. शिवाय म्हशीत मुका माज, म्हणजे बाहेरून लक्षणे न दिसणारा माज, बराच आढळतो. तो हेरून वेळेवर रेतन करण्यास जे लक्ष आणि जी चिकाटी लागते, ती एका वेतापुरत्या आणलेल्या जनावरावर कोणी खर्च करत नाही. अशा रीतीने धडधाकट म्हैस भाकड ठरून कसायाकडे जाते आणि तिचे रेडकू तर बहुधा त्याआधीच उपासमारीने संपलेले असते, कारण त्याच्या तोंडचे दूधही विकले जाते.

या व्यवहाराचा हिशेब तबेल्याच्या वहीत पूर्ण मांडलेला नसतो. म्हैस पहिल्यांदा वितेपर्यंत साधारण चार वर्षे जातात. त्या काळात ती चारा-पाणी घेते आणि रवंथ करताना पोटातील सूक्ष्मजीवांमुळे मिथेन बाहेर टाकते. शंभर वर्षांच्या मोजमापात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो. म्हैस एकाच वेतानंतर गेली, तर या चारही वर्षांचा भार त्या एका वेताच्या दुधावर पडतो. ती पाच वेते टिकली, तर तोच भार पाचांत वाटला जाऊन प्रत्येकाच्या वाट्याला एक पंचमांश येतो. त्यातही म्हशीचे दूध बहुधा तिसऱ्या-चौथ्या वेतापर्यंत वाढत जाते, म्हणजे तिची भरभराटीची वेते पुढे असतानाच ती विकली जाते. गावाकडच्या शेतकऱ्याने निवडून वाढवलेली उत्तम जातीची मादी वंश न ठेवता नाहीशी होते, हा तोटा तर लिटरमध्ये मोजता येण्याजोगाही नाही.

आयुष्य वाढवणे म्हणजे दूध न देणाऱ्या म्हाताऱ्या जनावराला पोसत राहणे असा अर्थ घेतला, तर मिथेनही वाढेल आणि खर्चही. म्हणून वयापेक्षा दोन वेतांतील अंतर आणि कासदाह, खुरांचे विकार यांपासूनचा बचाव महत्त्वाचा ठरतो.

१९४९ साली उभारलेल्या आरे दुग्ध वसाहतीने शहरातील हजारो म्हशींना मोकळी जागा दिली आणि दारा खुरोडी यांचे नाव त्या कामाशी कायमचे जोडले गेले, तरी म्हशी खासगी मालकांच्याच राहिल्याने भाकड म्हशीचा पेच सुटला नाही. महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम, १९७६ नुसार म्हशीच्या कत्तलीस प्रमाणपत्र लागते आणि जी मादी पुढे दूध देण्यास किंवा वीण देण्यास किफायतशीर ठरू शकेल, तिला ते मिळू नये असा दंडक आहे. म्हणजे तत्त्व कायद्याला मान्य आहे, उणीव आहे ती मधल्या महिन्यांच्या चाऱ्याची. तबेले पालघर जिल्ह्यातील दापचरीला हलवण्याची योजना बहुधा नद्या-नाल्यांत जाणाऱ्या शेणाच्या आणि शहरातील जागेच्या अंगाने चर्चिली गेली. परंतु तिचा खरा उपयोग असा की तेथे चारा पिकवता येतो आणि आटलेली म्हैस गाभण ठेवून सांभाळता येते. हे सांभाळणे मालकाच्या एकट्याच्या अंगावर टाकले तर तो पुन्हा कसायाकडेच वळेल. तेव्हा दर लिटरमागे थोडी रक्कम बाजूला काढून ती भाकड काळाच्या वैरणीसाठी राखणे, आणि ती मीरा रोडच्या ग्राहकाने दुधाच्या भावातूनच देणे, हेच न्याय्य होय.