पर्फ : प्रोसेसरला नेमकं विचारण्याचं साधन

सर्व्हर मंदावला की बहुतेक जण आधी ‘टॉप’ उघडतात. प्रोसेसर ९८ टक्के व्यस्त दिसतो. पण तो खरंच आकडेमोड करतोय की मेमरीतून डेटा येईपर्यंत नुसता खोळंबलाय? ‘टॉप’च्या लेखी दोन्ही सारखंच. हा फरक दाखवतं ते लिनक्सवरचं ‘पर्फ’. थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी २००८ च्या अखेरीस मांडलेल्या कामातून ते उभं राहिलं आणि २००९ मध्ये कर्नलच्या २.६.३१ आवृत्तीत दाखल झालं.

प्रोसेसरच्या आतच घटना मोजणारे काउंटर असतात. १९९३ च्या पेंटियममध्येही ते होते. पर्फ ते वाचतं. मात्र काय वाचायचं हे ऑप्शन ठरवतात, आणि माझ्या मते पर्फ शिकणं म्हणजे मुख्यतः हे ऑप्शन निवडायला शिकणं.

‘पर्फ स्टॅट’पुढे प्रोग्रॅमचं नाव दिलं की किती सायकल गेल्या आणि त्यात किती इन्स्ट्रक्शन पार पडल्या ते कळतं. दर सायकलमागे एकाहून कमी इन्स्ट्रक्शन होत असतील, तर संशयाची पहिली सुई मेमरीकडे वळवावी. सी भाषेत एक मोठा द्विमितीय अ‍ॅरे घ्या, कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद ठेवा आणि त्याची बेरीज एकदा ओळींनी, एकदा स्तंभांनी करा. इन्स्ट्रक्शन जवळपास तितक्याच भरतात, तरी स्तंभांनी केलेली बेरीज कितीतरी रेंगाळते. ‘-ई’ ऑप्शनने कॅश-मिस मोजायला सांगा, कारण समोर येतं. कॅशमध्ये डेटा सहसा ६४ बाइटच्या तुकड्यांनी येतो. स्तंभाने उतरताना त्यातले चार-आठ बाइट वापरून पुढच्या तुकड्याकडे धावावं लागतं.

एका मोजणीवर मात्र विसंबू नये. ‘-आर १०’ दिलं की प्रोग्रॅम दहा वेळा चालतो आणि सरासरीसोबत चढउतारही छापला जातो. चालू प्रोसेससाठी ‘-पी’, सगळ्या मशीनसाठी ‘-ए’, दर सेकंदाचा आकडा हवा तर कॅपिटल ‘-आय १०००’.

नवखे लोक ‘-ई’पुढे वीस-वीस घटनांची यादी देतात. काउंटर मोजकेच असतात. घटना जास्त झाल्या की कर्नल त्यांना आळीपाळीने काउंटर देतो आणि उरलेल्या वेळेचा अंदाज बांधतो. ओळीच्या शेवटी कंसातली टक्केवारी हेच सांगते : ती घटना प्रत्यक्षात किती वेळ मोजली गेली. तिथे २५ दिसलं तर तीन-चतुर्थांश वेळेचा आकडा अंदाजावरच निघालेला असतो. अगदी थोड्या वेळात संपणाऱ्या प्रोग्रॅमच्या बाबतीत हा अंदाज साफ चुकू शकतो. म्हणून तीन-चार घटना मागाव्यात आणि बाकीच्यांसाठी पुन्हा चालवावं.

वेळ नेमका कोणत्या फंक्शनमध्ये जातो, हे ‘पर्फ रेकॉर्ड’ सांगतं. तिथे सेकंदाला किती नमुने घ्यायचे ते ठरवायला कॅपिटल ‘-एफ ९९’ देण्याची रीत आहे. शंभर न देता नव्याण्णव देतात, कारण ठरावीक ठेक्याने चालणाऱ्या कामाशी नमुन्यांचा ताल जुळला तर चित्र विकृत होतं. ‘-जी’ने कोणी कोणाला बोलावलं ती साखळी मिळते. फ्रेम पॉइंटर काढून टाकलेल्या बायनरीत ती तुटते. मग ‘ड्वार्फ’ पद्धत निवडावी, फाइल फुगली तरी चालेल. ब्रेंडन ग्रेग यांचे फ्लेम ग्राफ काढायला याच साखळ्या लागतात.

क्लाउडवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये हार्डवेअर काउंटर अनेकदा मिळतच नाहीत. तिथे ‘-ई’ला ‘सीपीयू-क्लॉक’ द्यावं. कॅश-मिस कळणार नाहीत, पण वेळखाऊ फंक्शन तरीही सापडतं.