रिपोर्ट उघडला, पण आकडा तोच आला का?

शेंद्र्यात गाड्यांचे सुटे भाग करणारा एखादा मध्यम कारखाना घ्या. शिफ्टचं उत्पादन, रिजेक्शन, स्टॉक, हजेरी, पगारपत्रक असे रोजचे कितीतरी रिपोर्ट. वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी ते क्रिस्टल रिपोर्ट्समध्ये करून दिलेले असतात आणि तो माणूस आता सापडत नाही. मग सर्व्हर बदलतो, आणि कुणीतरी म्हणतं, "नवीन व्हर्जन टाकू, जुने रिपोर्ट चालतीलच." त्या 'चालतीलच'बद्दल आज बोलू.

नवीन सॉफ्टवेअरने जुनी फाइल वाचणं म्हणजे बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी. ती बहुतेक वेळा मिळते; उलट वाट मात्र मिळेलच असं नाही. क्रिस्टलच्या ९ व्या आवृत्तीत युनिकोड आलं, फाइलचा साचा बदलला. तिथे सेव्ह केलेला रिपोर्ट साडेआठमध्ये उघडत नाही. म्हणजे एका पीसीवर 'जरा बघू' म्हणून सेव्ह दाबलं, की बाकीचे पीसी अडकले.

युनिकोडचा घोळ आपल्याकडे जास्त, कारण पगारपत्रकं मराठीत. श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये 'क' साठवलेलाच नसतो. साठवलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, फाँट त्यावर 'क'चं चित्र चढवतो. फाँट गेला, की कामगाराच्या नावाच्या जागी नुसती चिन्हं. नवीन आवृत्ती हे आपोआप सुधारत नाही; डेटाबेसमधली नावं कन्व्हर्टरमधून काढावी लागतात. त्यातही पहिली वेलांटी जुन्या फाँटमध्ये अक्षराच्या आधी बसते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचीही अशीच कसरत. तेव्हा 'शिर्के' आणि 'मिर्झा' डोळ्यांनीच तपासा. नावांचा क्रमही बदलतो, कारण आधी तो चिन्हांप्रमाणे लागत होता.

पण हे निदान दिसतं तरी. आम्हाला जास्त भीती न दिसणाऱ्या चुकीची वाटते. समजा एका पार्टचं रिजेक्शन पहिल्या शिफ्टला ४, दुसऱ्या शिफ्टला ३, आणि तिसरी शिफ्ट बंद म्हणून रकाना रिकामा. रिकामं म्हणजे शून्य नव्हे, त्याला 'नल' म्हणतात. नलला शून्य मानण्याचा पर्याय चालू असेल तर बेरीज ७. नवीन मशीनवर रिपोर्ट पुन्हा बांधताना तो पर्याय राहून गेला, तर क्रिस्टलचा फॉर्म्युला उत्तरच देत नाही. ती ओळ कोरी, आणि महिन्याच्या बेरजेतून ७ नग गायब. एरर नाही, काही नाही. उलट रिजेक्शन कमी झालं म्हणून मीटिंगमध्ये सगळे खूश!

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाइलीत ६५,५३६ ओळी मावतात. २००७ पासूनच्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्यात कोविडचे आकडे जुन्या साच्यात भरले जात होते. जास्तीच्या ओळी गळल्या, १५,८४१ बाधितांची नोंद रोजच्या आकड्यांत वेळेवर आली नाही आणि त्यांच्या संपर्कातल्यांचा शोध लांबला.

म्हणून जुनं मशीन लगेच भंगारात देऊ नका. मूळ आरपीटी फाइलींची प्रत वेगळी ठेवा आणि एक महिनाअखेर दोन्ही आवृत्त्यांवर काढा. कागद सारखा दिसतो का हे नंतर बघू, आधी बेरजा जुळवा. त्यासाठी महिनाही सरळसोट नको. ज्यात एखादी शिफ्ट बंद होती, कुणी मध्येच काम सोडलं, माल परत आला, असा महिना घ्या.