ज्ञानेश्वरी, व्हाया लंडन

संध्याकाळची कल्याण स्लो. ठाण्याला गर्दी आत घुसते आणि मुंब्र्यापर्यंत हात हलवायलाही जागा नसते. मोबाइल कसाबसा डोळ्यांसमोर धरता आला, की रील्स सुरू. ‘तुमचं कर्म काय सांगतं?’, ‘तुमचा ऑरा कसा स्वच्छ कराल?’, ‘सातही चक्रं उघडण्याचा सोपा उपाय’. दिवा येईपर्यंत तीन गुरू होऊन गेलेले असतात. हसू नका, तुम्हीही बघता! निकाल, नोकरीचा न आलेला मेल, ब्रेकअप, घरातली कटकट, यातलं काहीतरी डोक्यात असतंच. ‘या सगळ्याला अर्थ काय?’ हा प्रश्न तर अगदी खरा असतो.

पण कर्म, चक्र हे आपलेच शब्द. ते असे इंग्रजी पॅकिंगमध्ये आपल्याकडे परत कसे आले? या प्रवासातलं एक मोठं जंक्शन म्हणजे थिऑसॉफी.

याच रुळांवरून

ग्रीक भाषेत ‘थिऑस’ म्हणजे देव आणि ‘सोफिया’ म्हणजे शहाणपण. थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली. हेलेना ब्लाव्हाट्स्की ही मूळची रशियन लेखिका आणि अमेरिकन कर्नल हेन्री ऑल्कॉट ही त्यातली दोन मुख्य नावं. जात, धर्म, वर्ण, लिंग न बघता माणसांचा बंधुभाव, जगातल्या धर्मांचा आणि तत्त्वज्ञानांचा तौलनिक अभ्यास आणि माणसातल्या सुप्त शक्तींचा शोध, ही त्यांची उद्दिष्टं. ब्रीदवाक्य संस्कृत : सत्यान्नास्ति परो धर्मः. सत्याहून मोठा धर्म नाही.

फेब्रुवारी १८७९ मध्ये हे दोघं मुंबईत आले, गिरगावात राहिले आणि त्याच ऑक्टोबरात इथून त्यांनी ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक सुरू केलं. १८८२च्या अखेरीस मुक्काम मद्रासजवळच्या अड्यारला हलला. पण आपल्यासाठी गंमत वेगळीच आहे. १८७९च्या एप्रिलमध्ये ही मंडळी कार्ल्याची लेणी बघायला रेल्वेने निघाली होती. म्हणजे ती ठाणे-कल्याणवरूनच गेली! तेव्हा कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १५ वर्षांचं होतं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय मात्र अजून व्हायचं होतं. ते १८९३ मध्ये सुरू झालं, आणि त्याच वर्षी अ‍ॅनी बेझंट भारतात आल्या. होमरूल चळवळीमुळे लोकमान्य टिळकांच्या बरोबरीने शाळेच्या पुस्तकात भेटतात, त्याच या बाई. १९०७ पासून त्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या.

विशीतला एक मुलगा

आता लंडनला जाऊ. साल १८८९च्या आसपास. बॅरिस्टर व्हायला आलेल्या विशीतल्या एका गुजराती मुलाला दोन थिऑसॉफिस्ट भाऊ भेटतात. ते गीतेचा इंग्रजी अनुवाद वाचत असतात आणि ‘आमच्याबरोबर मूळ गीता वाचशील का?’ असं त्याला विचारतात. मुलाला लाज वाटते, कारण त्याने गीता संस्कृतातही वाचलेली नसते आणि गुजरातीतही. हा मुलगा म्हणजे मोहनदास गांधी. आत्मकथेत त्यांनी हे मोकळेपणाने सांगितलंय. ब्लाव्हाट्स्कीचं ‘द की टु थिऑसॉफी’ वाचून हिंदू धर्मावरची पुस्तकं वाचावीशी वाटली, असंही ते लिहितात.

त्याच १८८९ मध्ये ब्लाव्हाट्स्कीचं ‘द व्हॉइस ऑफ द सायलेन्स’ हे छोटं पुस्तक आलं. त्यात योगाच्या संदर्भात चक्क आपल्या ज्ञानेश्वरीचा उल्लेख आहे, आणि तोही मोठ्या आदराने. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं वर्णन येतं, ते सहाशे वर्षांनी लंडनच्या वाचकांपर्यंत असं पोचलं. आणि आपण? घरात लाल कापडात बांधलेली ज्ञानेश्वरी असते, तिला आपण नमस्कार करतो आणि कुंडलिनी रीलवर बघतो. गांधींना वाटली तशी लाज आपल्यालाही थोडी वाटायला हरकत नाही.

सगळंच खरं मानायचं?

अजिबात नाही. हिमालयापलीकडच्या ‘महात्म्यां’ची पत्रं आपल्याला चमत्काराने मिळतात, असा ब्लाव्हाट्स्कीचा दावा होता. लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने १८८५च्या अहवालात तिला लबाड ठरवलं. १९८६ मध्ये त्याच संस्थेच्या नियतकालिकात त्या अहवालाच्या पद्धतीवर कडक टीका छापून आली. वाद अजून मिटलेला नाही. तिच्या ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’मधली मानवी ‘मूळवंशां’ची मांडणी तर आज वाचताना खटकतेच, आणि खटकायलाच हवी.

सगळ्यात मोठा प्रश्न मात्र आतूनच आला. अड्यारला सापडलेल्या जे. कृष्णमूर्ती या मुलाला बेझंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भावी जगद्गुरू म्हणून वाढवलं. त्याच्यासाठी १९११ मध्ये ‘ऑर्डर ऑफ द स्टार’ ही संघटना उभी केली. ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधल्या ओमेनला, खुद्द बेझंट आणि हजारो अनुयायांसमोर, ३४ वर्षांच्या कृष्णमूर्तींनी ती बरखास्त केली. सत्याकडे जायला ठरलेला रस्ता नसतो आणि मला अनुयायी नकोत, असा त्यांचा सूर होता. विचार करा, लाखो फॉलोअर्सचं अकाउंट कोणी स्वतःहून डिलीट करेल?

मग वाचायचं काय?

‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’पासून सुरुवात करू नका. १८८८ मध्ये आलेले ते दोन जाडजूड खंड तुम्हाला पळवून लावतील. ‘द की टु थिऑसॉफी’ प्रश्नोत्तरांत आहे, त्यामुळे सोपं जातं. मधेमधे तुमचेच प्रश्न सापडतात आणि काही उत्तरं पटत नाहीत, तेही चांगलंच. कृष्णमूर्तींच्या नावावरचं १९१०चं ‘अ‍ॅट द फीट ऑफ द मास्टर’ एका बैठकीत संपतं. त्यानंतर त्यांचं १९२९चं भाषण वाचा. गुरूच्या पायाशी बसलेला मुलगा गुरूपदच नाकारतो, हा प्रवास कळेल. ही जुनी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतात. छापील हवी असतील तर मुंबईत न्यू मरीन लाइन्सचा थिऑसॉफी हॉल आहे, फ्रेंच ब्रिजजवळ ब्लाव्हाट्स्की लॉज आहे.

आणि त्याआधी किंवा त्यानंतर, तुमच्या जवळच्या वाचनालयात जाऊन सार्थ ज्ञानेश्वरी मागा. सगळ्या नऊ हजार ओव्यांचं टेन्शन घेऊ नका, सहावा अध्याय उघडा. अर्थ शेजारीच दिलेला असतो. समजलं नाही तर आजीला विचारा, तिला नाही सांगता आलं तर दोघांनी मिळून वाचा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळेलच असं नाही. पण तो प्रश्न ३० सेकंदांत संपणारा नाही, एवढं तरी नक्की कळेल.